आधी आखणी, मग मागणी



शहागडच्या एका तरुण मंडळाचे पत्र आले आहे. गाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेले असेल. सोलापूर-धुळे रस्त्याने बीडकडून येताना गोदावरीचा पूल ओलांडला की काठावर लागते ते शहागड. तालुका अंबड, जिल्हा जालना. नदीच्या अलीकडे गेवराई तालुका राहतो, पलीकडे आपण जालना जिल्ह्यात येतो. पत्र लिहिणारी पोरे विशी-पंचविशीतली आहेत. शिवजयंती करतात, गणपती बसवतात, रक्तदानाचे शिबिर घेतात. त्यांनी विचारले आहे की, परदेशातल्या संस्था खेड्यातल्या तरुणांच्या संघटनांना मदत करतात असे आम्ही ऐकतो, तर ती मदत आमच्या मंडळाला कशी मिळेल?

हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतर गावांहूनही येतो, म्हणून उत्तर सगळ्यांसाठीच देतो.

आधी पैशाचे बोलू, म्हणजे तो विषय बाजूला होईल. परदेशातून देणगी घ्यायची तर केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाकडे नोंदणी लागते. त्यासाठी १९७६ साली कायदा झाला, २०१० साली तो नव्याने आला आणि २०२० साली आणखी आवळला गेला. नोंदणी मागणारी संस्था किमान ३ वर्षे जुनी हवी आणि गेल्या ३ वर्षांत तिने आपल्या कामावर निदान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. परदेशी देणगी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच उतरवून घ्यावी लागते. पूर्वी मोठी संस्था अशी देणगी घेऊन लहान संस्थांना वाटून देत असे, तेही २०२० पासून बंद झाले. एखाद्या ठरावीक कामापुरती आगाऊ परवानगी मागण्याची वाट आहे, पण तीही सोपी नाही. तेव्हा कोणी फोनवरून किंवा गावात येऊन म्हणाले, की एवढे एवढे भरा, तुमच्या मंडळाला परदेशातून लाखो रुपये आणून देतो, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. वर्गणीचा एक रुपयाही त्याच्या हातावर ठेवू नका.

तुमचे तोंड उतरले असेल. पण मंडळी, परदेशाची मदत म्हणजे नोटाच असे कोणी सांगितले? तुमच्याच जिल्ह्यात अशा मदतीतून उभे राहिलेले एक गाव आहे. तिथे पैसा आला हे खरे, पण पैशापेक्षा मोलाचे काही त्याच्याआधी आले. ते गाव म्हणजे जालना तालुक्यातले कडवंची.

कडवंचीचे नाव द्राक्षासाठी तुम्ही ऐकले असेल. मराठवाड्यातल्या कमी पावसाच्या, उताराच्या, मुरमाड जमिनीच्या गावात द्राक्षाच्या बागा आहेत आणि शेकडो शेततळी आहेत. २०१२-१३च्या दुष्काळात जालना शहरात लोक पाण्यासाठी दिवस दिवस टँकरची वाट बघत होते, त्या साली कडवंचीच्या बागा तगल्या. त्या वेळी लांबलांबची माणसे ते गाव बघायला येत होती. पण येणाऱ्यांनी तळी पाहिली, घड पाहिले, फोटो काढले. पाहण्यासारखे होते ते त्याआधीचे, १९९६ ते २००२ या वर्षांतले काम.

त्या वर्षांत कडवंचीत पाणलोटाचे काम झाले ते भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून. १९९२च्या सुमारास महाराष्ट्रात सुरू झालेला हा कार्यक्रम. पैसा जर्मन सरकारचा, तो यायचा नाबार्डमार्फत. कार्यक्रमाची कल्पना लावून धरणारे गृहस्थ म्हणजे फादर हर्मन बाकर. स्वित्झर्लंडचा हा माणूस १९४८ साली भारतात आला आणि अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) शेतकऱ्यांत राहून इथलाच झाला. कडवंचीत प्रत्यक्ष काम केले ते मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने, म्हणजे खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र चालवणाऱ्या संस्थेने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने. जर्मनी, स्वित्झर्लंड, मुंबई, खरपुडी आणि कडवंची अशी ही साखळी. पण माती हलवली ती कडवंचीच्याच लोकांनी.

आता या कार्यक्रमाची रीत नीट ऐका. तुमच्या मंडळाने उचलायची आहे ती हीच.

पहिली गोष्ट, गावाने मागितले आणि पैसे सुटले असे तिथे नव्हते. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळण्याचा ठराव करायचा. ग्रामसभेने आपली पाणलोट समिती नेमायची. मग लगेच सगळ्या शिवारात काम नाही, तर शिवारातल्या एका लहानशा तुकड्यावर काम करून दाखवायचे. हे सुरुवातीचे दिवस शिकण्याचे असायचे. समिती हिशेब ठेवते का, मजुरी वेळेवर वाटते का, भांडण झाले तर मिटवते का, हे त्यात कळायचे. या पहिल्या पायरीवर टिकले त्या गावाला पुढचा मोठा निधी.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. कार्यकर्ते तिला नेट प्लॅनिंग म्हणतात. आपण गटवार आखणी म्हणू. कचेरीत नकाशा पसरून त्यावर बांधांच्या रेघा ओढायच्या नाहीत. कार्यकर्त्याने आणि समितीच्या माणसाने एकेका शेतकऱ्याच्या गटावर जायचे. शेतकरी तिथे हवा आणि घरची बाईही हवी. उभे राहून बघायचे की उतार किती आहे, माती किती खोल आहे, पाणी कुठून येते आणि कुठून पळते, आज काय पिकते आणि पुढे काय पिकवायचा विचार आहे. मग या गटात बांध हवा, की चर हवा, की झाडे, हे तिथेच ठरवायचे. खर्च किती, त्यात घरच्यांची मेहनत किती, हे कागदावर मांडायचे आणि शेतकऱ्याची सही घ्यायची. गाव म्हणजे असे शेकडो गट. या सगळ्या कागदांची बेरीज म्हणजे गावाची योजना.

यात किती वेळ जातो याचा विचार करा. शेजारच्या गावात जेसीबी आठवड्यात तळे खणून मोकळा होतो आणि आपण अजून गटागटाने हिंडतो आहोत! तरुण रक्ताला हे मानवत नाही, हे मी समजू शकतो. पण ज्याने स्वतःच्या गटात उभे राहून सही केली, तो पुढे बांध फोडत नाही. वरून टाकलेला बांध पहिल्या पावसात फुटला तर तो सरकारचा बांध फुटतो, सही केलेला बांध फुटला तर माझा फुटतो. आणि काम नेहमी माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरउतार, नाला शेवटी. आपल्याकडे तर आधी नाल्यावर बंधारा होतो, कारण तो रस्त्यावरून दिसतो.

मोठ्या शहरातले लोक याला व्यूहात्मक नियोजन की असेच काही भारी नाव देतात. तुमच्या घरी ते रोज चालते. उसाची लागण करताना तोडीपर्यंतचा हिशेब तुमचे वडील मनात करतात. मोसंबीची बाग लावणारा माणूस पहिल्या फळाआधीची काही वर्षे घर कसे चालेल हे ठरवूनच खड्डे घेतो. म्हणजे आखणी आपल्याला येत नाही असे नाही. शेतात येते, मंडळात आल्यावर विसरते! मंडळाचा विचार एका सणापासून दुसऱ्या सणापर्यंत. वर्गणी गोळा होते, मंडप पडतो, मंडप निघतो, उरलेल्या पैशाचे कोणाला आठवत नाही. अध्यक्ष पुण्याला किंवा वाळूजला कामाला गेला की वही त्याच्याबरोबर जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा.

यात आपलीच पोरे तेवढी वाईट असे समजू नका. १९७२चे साल घ्या. त्या साली मराठवाडा दुष्काळात होरपळत होता, तरणीताठी माणसे रोजगार हमीच्या खडीवर बसली होती. त्याच साली आपल्या सरकारने खेड्यातल्या तरुणांसाठी नेहरू युवा केंद्रे सुरू केली. आणि त्याच साली तिकडे फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग गावी युरोपातल्या देशांनी मिळून तरुणांच्या संघटनांसाठी एक केंद्र बांधले. निरनिराळ्या देशांतली मुले तिथे येऊन राहतात आणि संघटना कशी चालवावी, पुढच्या वर्षांचे काम कसे ठरवावे, हे एकमेकांकडून शिकतात. १९९५ साली असेच दुसरे केंद्र बुडापेस्टला झाले. म्हणजे जिथे पैशाला तोटा नाही तिथल्या पोरांनाही हे शिकवावेच लागते. आईच्या पोटातून कोणी शिकून येत नाही.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या मुलामुलींची फोर-एच नावाची मंडळे फार जुनी आहेत. डोके, हृदय, हात आणि आरोग्य, अशा चार गोष्टींची त्यांची खूण. त्यांच्याकडून घेण्यासारखे काय, तर एक साधी वही. मुलगा कालवड पाळायला घेतो किंवा मुलगी भाजीचा वाफा करते, त्या दिवशी वहीत लिहायचे की यंदा मला काय साधायचे आहे. मग खर्च, खाद्य, आजार, चुका, विक्री. वर्षअखेरी पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवून बघायचे. १९४८ पासून त्यांनी परदेशांशी तरुणांची अदलाबदल सुरू केली. पाहुण्याने शेतकऱ्याच्या घरी राहायचे, त्यांच्याबरोबर काम करायचे, त्यांचेच खायचे. भाषणे कमी, धारा काढणे जास्त. हे मला पटते.

जपानातही असेच एक ठिकाण आहे, आशियाई ग्रामीण संस्था. १९७३ साली तोचिगी भागात सुरू झाली. आशिया-आफ्रिकेतल्या खेड्यांत काम करणारे लोक तिथे सुमारे नऊ महिने राहतात, स्वतःचे अन्न स्वतः पिकवतात आणि गावात पुढारपण कसे करावे हे शिकतात. आपल्या देशातूनही माणसे जाऊन आली आहेत. तिथली एक अट तुमच्या कामाची आहे. उमेदवाराला एखाद्या संस्थेने पाठवलेले असावे लागते आणि शिकून त्याने त्याच कामावर परत यायचे असते. एकट्यादुकट्या हौशी माणसाला तिथे जागा नाही. शिक्षण इंग्रजीत चालते, तेव्हा मंडळातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला जायची उमेद असेल तर आतापासून इंग्रजीचा सराव करावा लागेल.

आणि देणे-घेणे एकाच बाजूचे असते असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. त्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडच्या गावांतल्या बायकांनी घरबांधणीच्या कामात गावोगाव मोठी जबाबदारी उचलली. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांना सांगू लागल्या की घर बांधताना कुठे लक्ष ठेवायचे, साहेबाला काय विचारायचे. १९९९च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या तुर्कस्तानातल्या बायकांशीही त्यांची देवाणघेवाण झाली. ना भाषा एक, ना वेश एक. पण पत्र्याच्या शेडमध्ये संसार मांडलेल्या बाईला दुसऱ्या तशाच बाईचे म्हणणे कळायला दुभाष्या थोडाच लागतो. मराठवाड्यातल्या बाईकडे जगाला सांगण्यासारखे काही होते, कारण तिने आपले काम टप्प्याटप्प्याने केले होते आणि तिला ते सांगता येत होते.

हे सांगण्याजोगे काम शहागडला कोणते? ते माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. पण मला विचाराल तर मी नदीकडे बोट दाखवीन.

तुमच्या वर पैठणला जायकवाडीचे धरण. त्याला २७ दरवाजे. २००६च्या ऑगस्टमध्ये आणि २०२५च्या सप्टेंबरमध्ये धरणातून मोठे पाणी सुटले आणि गोदाकाठच्या गावांची दाणादाण उडाली. उन्हाळ्यात हीच नदी वाळूने भरलेली असते आणि पुराची आठवण कोणाला राहत नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची, तसे पाणी वेशीला लागल्यावर दोर शोधायचा, ही आपली रीत. तरुण पोरे त्या वेळी जिवावर उदार होऊन धावतात, त्यांचे कौतुक आहेच. पण धावणे आणि आखणी यांत फरक आहे.

कडवंचीची गटवार आखणी इथे लावून बघा. तिथे गट होते, इथे घरे. दोघादोघांच्या जोड्या करा आणि नदीकडच्या आळीपासून घरोघर जा. घरातल्या बाईला विचारा की मागच्या पुरात पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते. म्हातारी माणसे २००६चे सांगतील. ती खूण भिंतीवर रंगाने करून ठेवा. घरात चालता न येणारे कोण, बाळंतीण कोण, दावणीला जनावरे किती, धान्याची कोठी कुठे, सगळे लिहा. पाणी आले तर हे घर कुठे जाणार, शाळेत की वरच्या अंगाला पाहुण्याकडे, आणि गुरे कोण सोडणार, हे त्या घरच्यांनीच ठरवायचे आणि वहीत सही करायची. तुम्ही परस्पर ठरवलेत तर ऐन वेळी कोणी हलणार नाही.

मग गावातली साधने लिहा. होडी कोणाकडे, चप्पू कोणाकडे, ट्रॅक्टरच्या ट्यूब, जाड दोर, विजेऱ्या. पट्टीचे पोहणारे कोण. भोई मंडळींना या कामात पहिला मान द्या, नदी त्यांच्याइतकी कोणाला कळत नाही. धरणातून किती पाणी सोडले हे क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे एक लाख क्युसेक म्हणताच दर सेकंदाला २८ लाख लिटर पाणी तुमच्या पुलाकडे निघाले. ते पैठणहून शहागडला किती तासांत पोचते आणि किती क्युसेकला पाणी कोणत्या आळीत शिरते, हा मेळ दोन-तीन पावसाळे वेळ टिपून तुम्हीच बसवा. तलाठ्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या हाती असे टिपण दिलेत, तर तहसीलदारही तुम्हाला खुर्ची देतील.

प्रत्येक कामाला दोन माणसे नेमा, आणि त्यांतला एक कायम गावात राहणारा हवा. पुढारी मुलगा चाकणला कारखान्यात आणि होडीची किल्ली त्याच्या खिशात, असे नको. मे महिन्याच्या शेवटी एकदा खोटाच पूर आला असे समजून सगळे करून बघा. हसतील लोक, हसू द्या. आणि मंडळात मुली घ्या. घरोघर जाऊन बाईशी बोलायचे काम ही अर्धी आखणी आहे, आणि ती मिशा फुटलेल्या पोरांच्या टोळीला जमणार नाही. तुमच्या पत्रावर बारा सह्या आहेत, त्यांत एकही मुलीची नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही बरे.

सगळे एकदम करू नका. कडवंचीसारखा आधी लहान तुकडा धरा. पहिल्या वर्षी एकच आळी. दुसऱ्या वर्षी सगळे गाव. तिसऱ्या वर्षी काठावरच्या शेजारच्या गावांतली आणि पलीकडची गेवराईकडची पोरे बोलावून त्यांना दाखवा. चौथ्या वर्षी वही पुन्हा पहिल्यापासून तपासा, कारण तोवर नवी घरे होतील, माणसे बदलतील. मंडळाची नोंदणी झालेली नसेल तर धर्मादाय कार्यालयात ती या काळात करून घ्या आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्या. पुढे कधी एखाद्या परदेशी शिबिरासाठी अर्ज करायचा झाला, तर तुम्ही काय केले, काय जमले नाही आणि पुढे काय करणार, हे ते विचारतीलच. तेव्हा ही वही पुढे करता येईल.

त्याआधी एक काम करा. मंडळातली आठ-दहा मुले-मुली मिळून एक दिवस कडवंचीला जाऊन या. तळी कोणीही दाखवील. तुम्ही मात्र पहिल्या पाणलोट समितीत कोण होते ते विचारा, त्यांच्यापाशी बसा, आणि शिवारात पहिला वाद कशावरून झाला आणि तो कसा मिटला, हे काढून घ्या. जायचे तर एप्रिल-मेमध्ये जा. पावसाळ्यात सगळीच गावे हिरवी दिसतात. निघण्याआधी खरपुडीच्या केंद्राला कळवून ठेवा, म्हणजे कोणी बरोबर येईल. आणि ऊन फार असते, भाकरी-पाणी बरोबर बांधून घ्या.